अर्धा केस सरळ, अर्धा कुरळा

हसणार नसाल तरच सांगते. नाही, आधी कबूल करा! मागच्या वेळी सांगायला बसले तर निम्म्यातच सगळ्या खिदळायला लागल्या आणि माझा चहा थंडगार झाला.

झालं काय, की माझ्याच मेसमध्ये, चाळीस पोरींच्या समोर, मी छाती ठोकून एक गुन्हेगार शोधायला निघाले. आणि सापडला कोण? थांबा, असं मधूनच सांगण्यात मजा नाही. डोक्यापासून सांगते. म्हणजे खरोखर डोक्यापासूनच!

माझे केस जन्माचे कुरळे. माहेर उदगीर. भूकंपाच्या वर्षी मी तिसरीत होते, वय तुम्हीच काढा. तेव्हा महिनाभर आमची सगळी गल्ली अंगणात झोपायची. सकाळी माझं डोकं बघितलं की शेजारची म्हातारी म्हणायची, "समद्यांचे हादरे थांबले, हिच्या डोक्यातले चालूच हायेत!" त्या दिवसांत मोठी माणसं हसायची ती एवढ्याच एका गोष्टीवर. म्हणून मीही मनाला लावून घेतलं नाही.

शाळेत मात्र लागलं. झिपरी म्हणाले, घोंगडी म्हणाले, एका बाईंनी तर "कंगवा महाग झालाय का गं?" असं वर्गात विचारलं. तेव्हापासून डोक्यावर पाव वाटी तेल आणि दोन घट्ट वेण्या.

लग्न होऊन लातूरला आले. नणंद नांदेडला, शुभांगी तिचं नाव, ब्यूटी पार्लर चालवते. तिनं केस सरळ करायचं नवं सामान आणलं आणि प्रयोगाला डोकं शोधायला लागली. घरात फुकटचं डोकं कुणाचं? वहिनीचं! चार तास खुर्चीत बसवलं. वास असा, की डोळ्यांतून धारा! पण उठून आरशात बघितलं तर काय सांगू, इस्त्री केलेल्या पदरासारखे केस! मान हलवली की हलायचे, थांबवली की थांबायचे. असं आज्ञाधारक आमच्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

मग सहा वर्षं तेच. सात-आठ महिने झाले की मुळाशी नवे कुरळे केस डोकं वर काढायचे, की मी नांदेडची एसटी धरायची. टाळूची आग व्हायची. एकदा कानामागं हे एवढाले फोड आले. आठ दिवस उशीला कान टेकवता आला नाही. त्या दिवशी म्हणलं, बस! डोकं माझं, आग माझी, आणि कौतुक शुभांगीच्या पार्लरचं? नाही करायचे आता सरळ. उगवतील तसे उगवतील.

शुभांगीचा फोन आला. "वहिनी, मुळं दिसायला लागली असतील. येऊन जा ना!"

"दिसू दे. झाडाला मुळं असतात, मला नकोत का?"

"अहो, अर्धे सरळ, अर्धे कुरळे, कसं दिसतं ते! अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धा खडीचा!"

"लातूरचे सगळे रस्ते तसेच आहेत. माझ्याच डोक्याला का नावं ठेवतेस?"

खटकन फोन ठेवला. पण खरं सांगू? मला वाटलं होतं लहानपणचे केस परत येतील. कुठलं काय! मानेवर आले ते बारीक स्प्रिंगसारखे. कानाच्या वर नुसत्याच लाटा. आणि टाळूवर, देवा, टाळूवर तर खरखरीत! धड कुरळे नाहीत, धड सरळ नाहीत, जुन्या गादीतला कापूस बाहेर यावा तसे. एका डोक्यावर तीन तऱ्हा! आणि त्या सगळ्यांच्या खाली सहा वर्षांचे ते सरळ, लोळणारे केस लोंबकळत होते. एक केस चिमटीत धरून बोट खाली आणलं की समजायचं, इथवर चरबरीत, आणि इथून पुढं एकदम गुळगुळीत.

लोकांना तर बोलायला निमित्तच! भाजीवाला म्हणाला, "ताई, करंट बसला का?" म्हणलं, "हाव, तुझ्या टमाट्याचा भाव ऐकून." शेजारच्या वहिनींनी "टायफॉइड झाला होता का?" म्हणून दोन वेळा विचारलं. म्हणलं, "मला नाही, बघणाऱ्यांना होतो." सव्वा वर्ष हे असं चाललं होतं. मी कुणाचं ऐकत नव्हते. कापून टाक म्हणाले, कापले नाहीत. झाकून ठेव म्हणाले, झाकले नाहीत. मी आता कुरळ्या केसांची बाई आहे, असं मी जाहीरच करून टाकलं होतं. हे लक्षात ठेवा. माझं वाटोळं इथंच झालं.

आता मेसचं सांगते. आमची गल्ली क्लासच्या मागची. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं सगळ्या मराठवाड्यातून लातूरला येतात, त्यांतल्या निम्म्या पोरी आमच्या गल्लीत उतरतात. घर तिथं कॉट आणि ओटा तिथं मेस. मी चार पोरींवर सुरू केली, बघता बघता चाळीस झाल्या. स्वयंपाकाला कमलबाई, चाळीस वर्षं चुलीपुढं काढलेली बाई, डोक्यावरचा पदर झोपेतही ढळायचा नाही. कणीक मात्र मी स्वतः मळायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. तेवढा माझा अभिमान!

एका रविवारी मुरमुऱ्यांची सुशीला केली होती. झक्कास! लिंबू पिळलेलं, वर शेंगदाणे. आणि ऋतुजा उभी राहिली. ही नायगावची पोरगी, परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती, म्हणजे प्रश्न विचारायची सगळी भीती संपलेली.

"काकू, केस आहे."

सगळ्यांचे चमचे थांबले. मी जाऊन केस घेतला, खिडकीपाशी उजेडात धरला. वीतभर, सरळ, गुळगुळीत. मी जागच्या जागी निकाल दिला.

"हा केस सरळ आहे. माझे कुरळे. कमलबाईंच्या डोक्यावर पदर. म्हणजे हा तुमच्यातलाच कुणाचा तरी! केस मोकळे सोडून जेवायला बसता, आणि वर मलाच दाखवता? उद्यापासून वेणी घातल्याशिवाय ताट मिळणार नाही!"

ऋतुजा माझ्या डोक्याकडं बघत राहिली. तोंड उघडलं, परत मिटलं.

"काय गं?"

"काही नाही, काकू."

बघा, त्या पोरीनं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मी बोलू देईन तर ना!

आठ दिवसांनी वरणात केस. या वेळी पार वेगळाच. बोटभर, काळाभोर, स्प्रिंगसारखा वळलेला. आता एक सांगते, माझ्याही मनात आलं, आपला तर नसेल? पण मी लगेच स्वतःला समजावलं. माझे केस केवढे, कमरेपर्यंत! हा एवढासा. माझा कसा असेल? म्हणजे केस सरळ निघाला तेव्हा मी कुरळ्या केसांची, आणि कुरळा निघाला तेव्हा मी लांब केसांची! वकीलच व्हायचं सोडून मी मेस काढली.

मेसमध्ये आखूड कुरळे केस एकाच पोरीचे. मुक्ता, कंधारची. वडिलांचं बसस्टँडजवळ छोटंसं दुकान. पोरगी गरीब, खाली मान घालून जेवायची, भाजी वाढू का विचारलं तर नुसती मान हलवायची. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "मुक्ता, उद्यापासून डोक्याला स्कार्फ बांधून येत जा बाई. कुरळे केस कुठंही उडतात."

पोरी हसल्या. मीही हसले. मुक्तानं हातातली अर्धी पोळी ताटात ठेवली, हात धुतला आणि गेली. मला वाटलं, क्लासची वेळ झाली असेल.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

कमलबाई म्हणाल्या, "वैनी, ती कंधारची पोरगी येऊन न्हाई राहिली."

"नसेल आवडत जेवण. जाऊ दे दुसरीकडं!"

असं म्हणले मी. हो, मीच. आज सांगतानाही जीभ चावावीशी वाटते.

त्यात गल्लीच्या टोकाच्या मेसवालीनं पोरींना सांगितलं, "ती का? ती केसवाली मेस!" हे माझ्या कानावर आलं आणि माझं माथंच भडकलं. माझी मेस केसवाली? दुपारी सगळ्या पोरी जेवायला बसल्या तशी मी मधोमध उभी राहिले, कमरेला पदर खोचला, हातात उलथनं.

"ऐका गं सगळ्या! आजपासून जिचा केस जेवणात सापडेल, तिनं आठ दिवस सगळ्यांची ताटं घासायची. दोन्ही वेळची! मग ती कुणी का असेना. तुम्ही असा, कमलबाई असोत, नाहीतर खुद्द मी असो!"

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, हायस्कुलात गणित शिकवतात. दारात पेपर घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघून सावकाश मान हलवली. मला वाटलं, कौतुकानं हलवली.

उलथनं अजून हातातच होतं, तेवढ्यात ऋतुजाची पोळी फाटेना. एक पापुद्रा तिच्या हातात, दुसरा ताटात, आणि दोहोंच्या मधे केस! ती ओढत गेली, केस येत गेला. बसून पुरेना म्हणून ती उभी राहिली. तरी येतच होता! शेवटी निघाला. तिनं बॅगेतून वही काढली, कोऱ्या पानावर केस ठेवला आणि वही माझ्यापुढं धरली.

"काकू, हे टोक सरळ आहे."

"हाव."

"आणि हे टोक कुरळं आहे."

"दोन केस असतील. गाठ पडली असेल."

"एकच आहे. बोट फिरवून बघा."

मी बोट फिरवलं. इथवर चरबरीत. इथून पुढं एकदम गुळगुळीत.

अहो, घाम फुटला! पण हार मानेन तर मी कसली? म्हणलं, "तव्यावर भाजला ना! उष्णतेनं आखडला."

"मग आख्खा आखडला असता."

"अर्धाच तव्यावर असेल!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ऋतुजा हसली नाही. अगदी बाईंनी फळ्यावर समजावून सांगावं तसं तिनं सांगितलं, "काकू, माझ्या मावशीचं असंच झालंय. सरळ केलेला जुना केस आणि उगवलेला नवा केस जिथं मिळतात, तिथं तो कच्चा असतो. तिथंच तुटतो. त्या दिवशी सुशीलेत निघाला तो खालचा तुकडा. वरणातला, तो वरचा. आणि हा आख्खा."

चाळीस मुंड्या, म्हणजे मुक्ता सोडून एकोणचाळीस, एकदम वर झाल्या आणि माझ्या डोक्यावर येऊन थांबल्या.

कमलबाईंनी चुलीपासूनच म्हणलं, "आन कणीक तर तुमीच मळता, वैनी."

आणि दारातून हे! एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, पण नेमके आज बोलले. "घरात बारा वर्षं माझ्या ताटात रोज निघून राहिलाय. मी बोललो का कधी?"

पोरी एवढ्या हसल्या, की एकीला ठसका लागला. दुसरी कुणी असती तर आत पळाली असती. मी? मी उलथनं वर केलं!

"बरं, माझा आहे! माझाच केस आहे. मग? केस आहे, चोरी नाही! ताटं ठेवा सगळी नळापाशी, घासते!"

टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. जिंकल्यासारखंच वाटलं. आणि मग ऋतुजा जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, पण मुक्ताचं काय? ती उद्या पार्लरला चालली. केस सरळ करून घ्यायला."

उलथनं आपोआप खाली आलं.

ताटं तशीच ठेवली. डबा भरला, दोन गल्ल्या ओलांडून मुक्ताच्या खोलीवर गेले. पोरगी कॉटवर पुस्तक घेऊन बसली होती. खोलीत एकटी, भर उन्हाळ्याची दुपार, आणि तरी डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला.

मी म्हणलं, "मुक्ता, तो केस माझा होता."

"मालूम आहे, काकू."

"मालूम होतं? मग बोलली का नाहीस?"

ती पुस्तकाचं पान दुमडत राहिली. मग म्हणाली, "सगळे बोलतात त्याचं काही नाही. पण मला वाटलं होतं, तुम्ही तरी..."

कंगवा महाग झालाय का विचारणाऱ्या त्या बाई तीस वर्षं झाली तरी राग येईल एवढ्या माझ्या लक्षात आहेत. ही पोरगी मला किती वर्षं लक्षात ठेवणार होती, कुणास ठाऊक.

मी तिच्या कॉटवर बसले, पिना काढल्या आणि सगळे केस पुढं सोडले. "बघ. सहा वर्षं आग सोसली, त्याचे हे खालचे. सोडून दिलं, त्याचे हे वरचे. धड एक नाही. तुला सरळ करायचे तर कर, डोकं तुझं आहे. तुझ्या मनात असेल तर खुशाल कर. पण माझ्या जिभेमुळं करू नको. मी चुकले, बाई."

तिनं हळूच हात पुढं केला. एक बट उचलली, दुसरी उचलली. डॉक्टर होणार पोरगी, तपासल्याशिवाय राहते का?

"काकू, मानेवरचे तुमचे अगदी माझ्यासारखे आहेत."

"मग? जात एकच आहे आपली. कुरळी!"

तेव्हा कुठं हसली. मी डबा उघडून पुढं केला. तिनं पोळी उचलली, आणि खाण्याआधी उलटीपालटी करून दोन्ही बाजूंनी नीट बघितली. बघणारच!

दुसऱ्या दिवशी ती जेवायला आली. डोक्याला स्कार्फ नव्हता. दोनदा भाजी मागून घेतली, तीही मोठ्यानं.

आणि माझी ताटं सुरू झाली. चाळीस ताटं, दोन वेळा. वाट्या वेगळ्या! कमलबाई म्हणाल्या, "असू द्या वैनी, मी घासते. लोक हसतील." म्हणलं, "हसू दे! बोलले ते बोलले." शुभांगीला कसं समजलं कोण जाणे, नांदेडहून फोन. "वहिनी, अजून वेळ गेली नाही, या, सगळे एकसारखे करून देते." म्हणलं, "नाही! ताटं घासीन, पण टाळू भाजून घेणार नाही!" कणीक मळताना मात्र तेवढी टोपी घालायला लागले. जिद्द ठीक आहे, पण धंदा धंदा असतो.

चौथ्या दिवशी मी नळापाशी उकिडवी बसले होते. हाताला राख, साडी गुडघ्यापर्यंत, पिना निघून गेलेल्या, वरचे केस उन्हात ताठ आणि खालचे ओले होऊन गालाला चिकटलेले. एवढ्यात फाटकातून एक काका आत आले. पांढरा सदरा, काखेत क्लासची पिशवी. निलंग्याकडचे, पोरीसाठी मेस बघत फिरत होते.

"बाई, जेवण कसं असतंय इथलं?"

म्हणलं, "चोख. घरासारखं."

ते दोन पावलं जवळ आले, आत डोकावून बघितलं आणि आवाज उतरवला. "आन मालकीण कशी हाय सोभावानं?"

आता काय सांगायचं? चार दिवस राख घासून माणूस खरं बोलायला लागतं. म्हणलं, "लई फटकळ. कुणाचं ऐकून घेत नाही. स्वतःचंच खरं करते."

"ते दिसूनच राहिलंय! एकट्या बाईला एवढी ताटं घासायला लावली!" काकांनी ताटांच्या चळतीकडं बघितलं, चुकचुकले. मग थोडा विचार केला. "पण पोरीसाठी अशीच खमकी पाहिजे. इथंच घालतो."

मला एवढा आनंद झाला, की मी उठून ओळख सांगणारच होते. तेवढ्यात ते फाटकापासून परत फिरले. माझ्या डोक्याकडं बघत, अगदी घरच्या माणसाच्या काळजीनं म्हणाले, "एक सांगू का, बाई? तुमचे केस जरा इचित्र हायेत. तेवढे बांधून ठेवत जा. एखादा ताटात पडला, आन मालकिणीनं बघितला, तर कामावर ठेवायची न्हाई तुमाला."

म्हणलं, "हाव."